शाहीर गेला, गाणं मित्राने राखलं

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवलं. त्यांचे मित्र, माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी कॅमेरा उचलला तो तिथून. ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. २०११ साली तो आला.

तीन तासांहून मोठा हा माहितीपट या आठवड्यात पुन्हा पाहिला. विलास त्यात गाताना दिसतात, कारण पटवर्धनांनी १९८५च्या ‘हमारा शहर’ या झोपडपट्टी हटवण्यावरच्या माहितीपटात त्यांचं गाणं आधीच टिपलं होतं. झोपड्या पाडल्या जाण्याच्या त्या दिवसांत कोणालाही ठाऊक नव्हतं, की हेच चित्रण पुढे एका माणसाची आठवण होऊन राहील.

मित्रावर माहितीपट काढताना त्याची आरती ओवाळणं सोपं असतं. पटवर्धनांनी ते टाळलं. ज्या डाव्या संघटनेसाठी विलास गायले, तिनेच त्यांना दूर केलं होतं, हेही त्यांनी दाखवलं. गोळीबारात गेलेल्यांच्या घरी ते पुन्हा पुन्हा गेले, खटल्याची वाट पाहत राहिले. गावोगावच्या गायन पार्ट्या, संभाजी भगतांसारखे शाहीर आणि कबीर कला मंचाची तरुण मुलं या माहितीपटात गातात. मित्राच्या मृत्यूचं कारण शोधताना त्यांनी त्याचं अख्खं गणगोत उभं केलं. मैत्री निभावणं म्हणतात ते हेच, असं मी मानतो.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र सारखा आपला वाशीम जिल्हा येत होता. एप्रिल लागला की रिसोड, मालेगाव, मानोऱ्याकडच्या गावांत आंबेडकर जयंतीचे मंडप उभे राहतात. एरवी सोयाबीन-तुरीच्या रानात राबणारे हात रात्री ढोलकी आणि पेटीवर बसतात. गावच्या शाहिराने स्वतः रचलेली गाणी वहीत असतात, चाली मात्र फक्त त्याच्या गळ्यात. तो गेला की वही उरते. तिची चाल सांगणारं कोणी उरत नाही. आता मंडपात डीजे आला आहे आणि झील धरायला पोरं मिळत नाहीत.

आपण गायकाचा सत्कार करतो, शाल देतो, गेल्यावर श्रद्धांजलीचा फलक लावतो. त्याचं एखादं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणी टिपून ठेवत नाही. विलास घोगऱ्यांना तसा मित्र लाभला. आपल्या शाहिरांनाही तो लाभू शकतो, कारण प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे.

म्हणून तरुण वाचकांना एकच विनंती. या आठवड्यात गावातल्या म्हाताऱ्या शाहिराच्या ओट्यावर जा. त्यांना निवांत गाऊ द्या, गाणं अर्ध्यावर तोडू नका. ते कोणी रचलं, कधी रचलं, कुठे पहिल्यांदा म्हटलं, हे त्यांच्याच तोंडून नोंदवा. पुढच्या जयंतीपर्यंत थांबू नका.