टक्केवारीआड दडलेला वर्ग

दहावीचा निकाल लागला की जळगाव शहराच्या चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळेचा फलक सर्वांत मोठा. ऐंशीच्या घरात रेंगाळणाऱ्या शाळेचा फलकच नसतो. पिंप्राळ्यासारख्या उपनगरात या फलकांवरूनच पुढचे प्रवेश ठरतात. ‘ती शाळा चांगली, ही शाळा गेली’ असा निवाडा पालक उभ्याउभ्या देऊन मोकळे होतात. ज्या टक्केवारीच्या आधारे हा निवाडा दिला जातो, ती नेमके काय मोजते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि २०२० साली ९५.३० टक्क्यांवर जाऊन पोहोचला. महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी एका वर्षात मंदावली आणि पुढच्या वर्षी पुन्हा तल्लख झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषादी विषयांतील शाळेच्या हातचे अंतर्गत गुण काढून घेतले होते; पुढच्या वर्षी ते परत दिले गेले. कोरोनाच्या सावटामुळे २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही, आणि त्या वर्षीचा निकाल ९९.९५ टक्के लागला! त्याच काळात मुलांचे वाचन काय सांगते? ‘असर’च्या २०२३च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुलांना मातृभाषेतील वा प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उताराही सलग वाचता आला नाही.

दुसरी गोष्ट छेदाची. निकाल परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढला जातो, शाळेत आलेल्या मुलांवर नव्हे. नववीत कच्चा ठरलेल्या मुलाला ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असा सल्ला देऊन बाहेरची वाट दाखवणे, हा प्रकार शिक्षण क्षेत्रातील कोणालाही नवा नाही. मुलगा खाजगी विद्यार्थी म्हणून बसतो, शाळेचा निकाल उजळून निघतो. याउलट जी शाळा त्याला पदरात घेते, दहावीपर्यंत नेते, तिची टक्केवारी खाली येते. म्हणजे जिने कर्तव्य केले तिला दोष आणि जिने ओझे झटकले तिला हार!

मुळात दारातून आत कोण येते, यावर निकालाचा मोठा भाग ठरतो. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी काही लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून हेच दाखवले होते. शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती आणि त्याच्या शेजारच्या बाकावर कोण बसते, या गोष्टींचा प्रभाव अधिक असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची साक्षरता ७८.२ टक्के, धुळ्याची ७२.८ आणि नंदुरबारची ६४.४ टक्के होती. याच तीन जिल्ह्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण अनुक्रमे सुमारे १४, ३२ आणि ६९ टक्के आहे. वनवासी बांधवांची मुले बुद्धीने उणी आहेत, असा याचा अर्थ नाही. शाळा त्यांच्या दारी उशिरा पोहोचली, आणि पोहोचली ती परक्या भाषेत, एवढाच याचा अर्थ. भिली वा पावरी बोलणाऱ्या, अगदी अहिराणी बोलणाऱ्या मुलालाही पहिलीत एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात, धडा आणि धड्याची भाषा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बहिणाबाईंना आपण खान्देशाचे भूषण मानतो, त्यांचे नाव विद्यापीठाला देतो. आणि त्यांच्यासारखी बोली बोलणारे मूल वर्गात उभे राहिले की ते ‘अशुद्ध’ ठरते.

पिंप्राळ्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. जुने गावठाण, नोकरदारांच्या वसाहती आणि हुडको परिसरातील श्रमिक कुटुंबे असा इथला समाज. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६८ हजारांवरून ४ लाख ६० हजारांवर गेली. त्या वाढीचा भार अशा उपनगरांवरच पडला. आषाढी एकादशीला इथे रथोत्सव होतो. रथाला हात लावताना कोणी कोणाला घर विचारत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हाच समाज विभागला जातो. नोकरदाराचे मूल इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसते, मजुराचे मूल पायी मराठी शाळेत जाते. एकेकाळी कारकून, शेतकरी आणि हमाल यांची मुले एकाच बाकावर बसत. त्या बाकावरून आधी उठला तो आपला मध्यमवर्ग. तो उठला तेव्हा सोबत प्रश्न विचारणारा पालक गेला, सभेला येणारी आई गेली, मुख्याध्यापकांना जाब विचारणारा आवाज गेला. मग आपणच म्हणू लागलो, ‘शाळेचा दर्जा घसरला!’

कायद्याने ही दरी बुजवण्याचा एक प्रयत्न केला. २०१० साली लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात खाजगी शाळांना २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवणे बंधनकारक झाले. परंतु २०१४च्या ‘प्रमती’ निकालाने अल्पसंख्याक संस्थांना या जबाबदारीतून मुक्त केले. या शाळांत सामाजिक व आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थी जेमतेम ८.७६ टक्के असल्याचे राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२१ मध्ये नमूद केले. गरीब मुलाला शिकवण्याचे कर्तव्य धर्म पाहून वाटले जावे, हे कोणत्या समतेत बसते? १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पीठानेच त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि कायदा सरळ झाला तरी तो काही मुलांना वर उचलेल. मागे उरलेल्या शाळेचे काय, हा प्रश्न उरतोच. तो समाजानेच सोडवायचा आहे.

‘माझ्या मुलाने प्रयोगाचा बळी का व्हावे?’ असे पालक विचारतील. ही भीती खोटी नाही. दिल्लीतील उच्चभ्रू शाळांत गरीब मुलांना प्रवेश मिळाल्यानंतर काय झाले, याचा गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. संपन्न मुलांच्या गणित-हिंदीच्या गुणांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीत किंचित घट झाली. मात्र ती मुले अधिक उदार झाली आणि गरीब सवंगड्यांशी कमी भेदभाव करू लागली. सामाजिक समरसता आणखी वेगळी काय असते? १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी सामाजिक समतेचा विषय मांडला, तेव्हा तो केवळ टाळ्यांसाठी नव्हता. आपण एकत्र भोजने केली, वस्तीत रक्षाबंधन केले. बाक मात्र वेगळे ठेवले.

यावर उपाय फार अवघड नाहीत. शाळेची निवड करताना निकालाबरोबर आणखी एक आकडा मागावा. आठवीत किती होते आणि त्यांपैकी दहावीला याच शाळेतून किती बसले? सारख्याच वस्तीतील दोन शाळांची तुलना करावी. तशी केली की शिकवणारा शिक्षक आणि वेळ काढणारा शिक्षक आपोआप वेगळे दिसतात. कायद्याने घडवलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्या पाठीशी शिकलेल्या माणसांनी उभे राहावे. सेवावस्तीत सायंकाळची अभ्यासिका चालवावी, आणि ती परीक्षेपुरती नव्हे, तर पहिलीच्या मुलाला वाचता येईपर्यंत चालावी. आणि ज्यांना शक्य आहे अशा एखाद्या वसाहतीतील दहा कुटुंबांनी मिळून आपली मुले जवळच्या मराठी शाळेत घालावीत. एकट्या मुलाच्या जाण्याने शाळा बदलत नाही. दहा जागरूक घरे एकदम आली की मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सर्वांना ती जाणवतात.

दीनदयाळजींनी अंत्योदय सांगितला. रांगेतला तो शेवटचा माणूस आज पिंप्राळ्यातील एखाद्या मराठी शाळेच्या मागच्या बाकावर बसला आहे. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे, आणि ती भरण्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.