दिवे मालवून आकाश पाहू या

जुलै सरत आला की वाक्वा-क्युरपीपच्या बाजूला रात्री पारा १५ अंशांच्या खाली जातो आणि आपण दारे लावून टेलिव्हिजनसमोर बसतो. नेमका त्याच सुमारास, ३० जुलैच्या आसपास, कुंभ राशीच्या दिशेने उल्कांचा वर्षाव होत असतो. वाचकांनी त्यांतली एक रात्र तरी मुला-नातवंडांसह अंगणात काढावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

धूमकेतूने मागे टाकलेले वाळूएवढे कण सेकंदाला सुमारे ४१ किलोमीटर वेगाने हवेत शिरतात आणि जळून जातात. त्यालाच आपले आजी-आजोबा 'तारा तुटला' म्हणत. या वर्षावाचे कण १९८६ साली सापडलेल्या माखोल्झ धूमकेतूचे असावेत, असे मानतात.

पूर्वजांच्या कोकणात या दिवसांत आषाढ-श्रावणाचे ढग दाटलेले असतात, तेथे हे दृश्य क्वचितच लाभते. आपले बेट दक्षिणेस २० अंशांवर. मध्यरात्रीनंतर कुंभ रास जवळजवळ डोक्यावर येते. काळोख चांगला असेल तर तासाला १५-२० उल्का दिसू शकतात. डोंगरमाथ्यावर ढग असले, तर कास्काव्हेलच्या कोरड्या बाजूच्या नातेवाइकांकडे जावे.

कोणी म्हणेल, मुले शाळेत मराठी शिकतात, मग थंडीत कुडकुडण्याचे कारण काय? कारण घरात बोलणे क्रिओलमध्येच चालते आणि मराठी वहीत राहते. अंधारात वही नाही, पडदा नाही. जवळ बसून बोलण्यावाचून गत्यंतर नसते. नातू 'एत्वाल फिलांत' म्हणून ओरडला, तर त्याला रागावू नये. आजीने 'उल्का' म्हणावे. वृश्चिक, श्रवण, धूमकेतू हे शब्दही त्याच गोधडीत त्याच्या कानी पडतील. असे शब्द परीक्षेनंतरही टिकतात, अशी आमची खात्री आहे.

या उल्का मंद असतात, चांदण्यात हरवतात. म्हणून आधी पंचांग पाहावे. २०२७ साली दिव्यांची अमावास्या २ ऑगस्टला आहे, म्हणजे योग उत्तम. त्या संध्याकाळी दिव्यांची पूजा करावी, मग घरातले सारे दिवे मालवावेत, आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत अर्धा तास धीर धरावा. चहाचा थर्मास मात्र विसरू नये.