पाऱ्याचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी फ्लूच्या लशीतून थायोमर्सल हे पारायुक्त परिरक्षक काढून टाकण्याच्या शिफारशीवर सही केली. तिथे ते तसेही थोड्याच डोसांत उरले होते. बालकांच्या बाकी लशींतून २००१ पर्यंतच गेले होते. ज्या ऑटिझमचे खापर त्याच्यावर फुटत होते, त्याच्या नोंदी मात्र पुढेही वाढतच राहिल्या. डेन्मार्कने हे रसायन १९९२ मध्येच थांबवले, तिथला अनुभवही तोच.

आपल्याकडे हा सगळा इतिहास गळून एकच वाक्य व्हॉट्सॲपवर पोहोचते : लशीत पारा असतो. असतो. नाकारायचे कशाला? एका डोसात फार तर २५ मायक्रोग्रॅम. पण हा इथिल पारा. तान्ह्या बाळाच्या रक्तात तो आठवड्याच्या आतच निम्म्यावर येतो. मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांतून पोटात जातो तो मिथिल पारा. त्याला निम्म्यावर यायला दीड महिना लागतो. नावात एका अक्षराचा फरक, आणि भीती सगळी मिथिलच्या वाट्याची इथिलच्या माथी.

थायोमर्सल कुपीत घालतात कशाला, हेही कुणी विचारत नाही. जानेवारी १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावी २१ मुलांना घटसर्पाची लस टोचली आणि त्यांतली १२ दगावली. एकाच कुपीत पुन्हा पुन्हा सुई जात होती, परिरक्षक नव्हते, उकाड्यात जंतू फोफावले. आज आपल्या उपकेंद्रातली पेंटाव्हॅलंट लशीची उघडलेली कुपी थंड साखळी नीट राखली तर चार आठवडे वापरता येते ती परिरक्षकाच्या जोरावर. गोवर-रुबेलाच्या कुपीत ते नसते, म्हणून उघडल्यावर चार तासांत ती संपवावी किंवा टाकावी लागते. एकेका डोसाच्या कुप्या आणा, असे सुचवणाऱ्याने तालुक्याच्या ठिकाणचा लशींचा आइसलाइन्ड फ्रिज एकदा उघडून त्यात जागा किती ते पाहावे.

पाऱ्याची धास्ती खरी असेल तर तिने जरा आजूबाजूला पाहायला हवे. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघांची मूत्रपिंडे बिघडल्याची बातमी आली. संशयाची सुई गेली गोरे करणाऱ्या क्रीमवर, आणि तपासणीत त्यात पारा निघाला. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरममध्येही तसेच रुग्ण सापडले. आपल्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारा १ पीपीएमपर्यंतच चालतो. बाजारातल्या बेकायदा क्रीममध्ये तो हजारो पीपीएम सापडलेला आहे. हजारच धरा : ग्रॅमभर क्रीममध्ये हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीस डोसांइतका. तो सगळाच कातडीतून आत जात नाही, हे मान्य. पण लस मोजून काही वेळा. क्रीम रोज, महिनोन्‌महिने, आणि आईच्या गालावरून बाळाच्या तोंडाशी.

शिशाची गोष्ट तर आणखी मोठी. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ते डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर होते. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्या, जुने रंग, सुरमा, पिवळेपणासाठी हळदीत मिसळलेले लेड क्रोमेट अशा वाटांनी ते येते. यातले काहीही अडवून कुठल्या पालकाने ‘आधी घटक दाखवा’ म्हटल्याचे ऐकिवात नाही. सुई दिसते, बाळ रडते, म्हणून प्रश्न तिलाच. हळद रडवत नाही.

पालकांनी विचारू नये असे नाही. नर्सताईंना जरूर विचारावे; थायोमर्सल किती, ते कुपीच्या माहितीपत्रकात छापलेले असते. पाऱ्याचा तसाच आकडा पार्लरमधल्या क्रीमच्या डबीबद्दलही मिळायला हवा. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाने या क्रीमचे नमुने दर महिन्याला उचलावेत आणि कोणत्या डबीत किती पारा निघाला ते नावानिशी जाहीर करावे.