लहान खुर्ची, मोठे निर्णय

मंत्रिमंडळाची यादी प्रसिद्ध झाली की आपली नजर पहिल्या पाच-सात नावांपलीकडे सहसा जात नाही. राज्यमंत्री, उपमंत्री म्हणजे सभागृहात उत्तरे वाचून दाखविणारी दुय्यम मंडळी, अशी आपली समजूत. ती किती महागात पडते, हे ब्रिटनच्या अनुभवावरून ध्यानात यावे.

इराण-इराक युद्धाच्या काळात या दोन्ही देशांना युद्धसामग्री विकण्यावर ब्रिटिश सरकारने निर्बंध घातले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये ते पार्लमेंटपुढे जाहीर केले. मार्च १९८८ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीने हलबजा येथे विषारी वायूने हजारो कुर्दांचे प्राण घेतले. ऑगस्टमध्ये युद्ध थांबले. आणि डिसेंबरात परराष्ट्र, व्यापार व संरक्षण या खात्यांच्या तीन कनिष्ठ मंत्र्यांनी आपसांत ठरवून हे निर्बंध सैल केले. पार्लमेंटला त्याचा पत्ता नव्हता. उलट, धोरण पूर्वीचेच आहे अशी उत्तरे सभासदांना मिळत राहिली.

पुढे मॅट्रिक्स चर्चिल या यंत्रे बनविणाऱ्या कंपनीच्या तीन संचालकांवर खटला झाला. त्यांच्या बचावाला उपयोगी पडणारी सरकारी कागदपत्रे उघड होऊ नयेत म्हणून मंत्र्यांनी प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये माजी मंत्री ॲलन क्लार्क यांनी, वस्तुस्थिती आपण हात राखून सांगितली होती, असे साक्षीत मान्य केले आणि खटला कोसळला. फेब्रुवारी १९९६ मध्ये आलेल्या स्कॉट अहवालाने पार्लमेंटला दिलेल्या उत्तरांवर कडक ठपका ठेवला. परराष्ट्र खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री वॉल्डग्रेव्ह यांचा हेतू फसविण्याचा नव्हता, असेही नोंदविले. कॉमन्समध्ये सरकार ३२० विरुद्ध ३१९, अशा एका मताने तरले. राजीनामा मात्र कोणीही दिला नाही.

प्रश्न केवळ व्यक्तींच्या सचोटीचा नाही. शस्त्रव्यापारात नफा कारखानदाराचा, रोजगाराची सबब मंत्र्याची आणि मरण परक्या देशातील गरिबाचे, अशी वाटणी असते. ती करणारा निर्णय कनिष्ठ पातळीवर झाला की 'प्रशासकीय तपशील' ठरतो, आणि तपशिलाचा जाब कोणी विचारीत नाही. २०१० साली ब्रिटनच्या संरक्षण खात्यातील एका कनिष्ठ मंत्र्याला 'आंतरराष्ट्रीय सुरक्षा धोरण' असे भारदस्त बिरुद मिळाले. बिरुद बदलले म्हणून जाबाची गरज संपत नाही.

आपल्याकडेही संरक्षण राज्यमंत्री असतो. त्याच्याकडे कोणते काम सोपविले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? लोकशाहीचा पहारा मोठ्या खुर्चीपुरता ठेवून भागत नाही.