आधी विष आवरा, मग दाण्याची वाटी टांगा



मार्च आला की मोबाईल चिमण्यांनी भरून जातो. २० मार्चला जागतिक चिमणी दिन. २०१० पासून तो पाळतात आणि त्यामागे आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार आहे, ही आपल्याला अभिमानाचीच गोष्ट. पण त्या दिवशी परसात दाण्याची वाटी टांगायची, फोटो स्टेटसला ठेवायचा आणि आठवड्याभरात त्याच परसात तणनाशकाचा पंप फिरवायचा, याला काय म्हणायचं?

माझ्या पुतण्याने यंदा ऑनलाइन वाटी मागवली. पंधरा दिवसांनी म्हणतो, "काका, एक पाखरू फिरकलं नाही. वाटीच बोगस आहे." गेलो बघायला. पत्र्याच्या शेडला, भर उन्हात टांगलेली. जवळ झाड नाही, झुडूप नाही, खाली मांजर बसलेलं. मी म्हटलं, बाबा, वाटी बरी आहे, जागा बोगस आहे. पाखरू आधी फांदीवर बसतं, चारी बाजूंना बघतं, मगच दाण्यावर उतरतं. बसायला फांदीच नाही तर उतरणार कुठून?

त्याला शहाणपण शिकवलं खरं, पण माझी चूक त्याच्यापेक्षा मोठी आहे. ती आज लिहितो.

दोन वर्षांपूर्वी खरिपाची पेरणी उरकली आणि बीजप्रक्रिया केलेलं मक्याचं बियाणं पिशवीच्या तळाला उरलं. मी ती पिशवी उकिरड्याजवळ झटकली. 'ओंजळभर तर आहे' म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन होले तिथंच मरून पडले होते. माझी दाण्याची वाटी तिथून वीस पावलांवर होती. म्हणजे एका हाताने मी पाखरांना या म्हणून बोलावलं आणि दुसऱ्या हाताने विष वाढलं. ते होले मीच खड्ड्यात पुरले. तेव्हापासून वाटीचे फोटो बघितले की पहिला प्रश्न मनात येतो, या घरी उरलेलं बियाणं कुठं टाकतात?

बियाण्याला गुलाबी-लाल रंग असतो तो माणसाने ओळखावं म्हणून. पाखराला तो दाणाच वाटतो. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक लावलेले थोडेसे दाणेही चिमणीएवढ्या जिवाला पुरतात. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड कालवून उघड्यावर ठेवलं तर तेही पाखरंच आधी टिपतात. ते बिळात टाकून बीळ बुजवायचं असतं, हे माहीत सगळ्यांना, करतं किती जण? फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरी कुणाच्या खोपटात जुना डबा असेल तर तो आज बाहेर काढा आणि कृषी सहाय्यकाला विचारून त्याची नीट विल्हेवाट लावा.

आता काही जण म्हणतील, "पाखरं आमचं पीक खातात, त्यांना कशाला लाड?" खातात ना! ज्वारी हुरड्यात आली की मीही माळ्यावर उभा राहून गोफण फिरवली आहे. पण चिमणी दाणे खाणारी असली तरी पिल्लांना भरवते त्या अळ्या आणि किडेच. चीनने १९५८ मध्ये चिमणी धान्य खाते म्हणून तिच्याविरुद्ध देशभर मोहीम काढली. चिमण्या मेल्या, किडींना मोकळं रान मिळालं आणि शेवटी १९६० मध्ये त्या यादीतून चिमणीचं नाव काढून ढेकणाचं घालावं लागलं. एवढा महाग धडा दुसऱ्याने गिरवलाय, आपण परत का गिरवायचा?

कृषीवाल्या मंडळींनाही एक सांगणं. हरभऱ्यात एकरी वीस पक्षीथांबे लावा ही शिफारस चांगलीच आहे. पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच काठी असली की कोतवाल, साळुंकी त्यावर बसून घाटे अळी टिपतात. पण बांधावरची बोर, बाभूळ, तरवड सगळी तोडून, बांध पेटवून दिल्यावर त्या काठीवर बसायला पाखरू येणार कुठून? काठी रोवल्याचा फोटो अहवालात जातो. बांधावरच्या झाडाचाही जाऊ द्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वाटी टांगायचीच असेल तर क्रमाने करा.

पहिलं, उरलेलं प्रक्रिया केलेलं बियाणं, रिकाम्या बाटल्या, उंदराचं औषध परसातून हलवा. बियाणं सांडलं तर वेचा.

दुसरं, पाणी. पसरट मातीचं भांडं, दोन बोटं खोल, रोज घासून भरा. उन्हाळ्यात दाण्याच्या आधी पाण्यावर पाखरं येतात.

तिसरं, जागा. झुडपापासून आठ-दहा फुटांवर, सावलीत. लांब नको आणि खेटूनही नको, नाहीतर मांजर दबा धरतं.

चौथं, दाणा. बाजरी, राळा, तांदळाची कणी. शिळा भात, फरसाण, बुरशी आलेलं धान्य नको. ओला दाणा काढून वाटी आठवड्याला धुवा. आणि विकतची वाटीच पाहिजे असं नाही. आमची आई ओसरीला ज्वारीच्या कणसांचा झुपका टांगायची, त्यावर पाखरं यायचीच.

पाचवं, धीर. सुरुवातीला चार दाणे खाली जमिनीवर पसरा. पाखरांना जागा सापडायला कधी चार दिवस लागतात, कधी महिना.

पुतण्याने वाटी आता निंबाखाली हलवलीय, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलंय. नवव्या दिवशी दोन साळुंक्या पाण्यावर आल्या, मग चिमण्या. उकिरड्याजवळ मी आता काही झटकत नाही.

पटलं तर करा. नाही पटलं तर या, बांधावर बसून भांडू. बांधावर बोरीची सावली अजून आहे.