मागे उभं राहून

बालेवाडीच्या मैदानावर २००९ ते २०१३ या काळात पुणे एफसी या फुटबॉल संघाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून डेरिक परेरा बसायचे. मूळचे गोव्याचे, साळगावकरचे आणि भारताचे बचावपटू. बचावपटूच्या वाट्याला टाळ्या कमीच येतात, पण संपूर्ण खेळ समोर दिसतो तो त्याला. चांगले प्रशिक्षक बचावफळीतून का निघतात, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

महिंद्र युनायटेडला त्यांनी २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली. पुण्याचा संघ आय-लीगमध्ये नवखा, तरी २००९-१० च्या पहिल्याच मोसमात तिसरा आला. २०१२-१३ मध्ये दुसरा. पुढे फक्त चर्चिल ब्रदर्स. क्रिकेटच्या गप्पांत रमणाऱ्या या शहराला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही, हे बोलायलाच हवं.

पुढे महिंद्र बंद पडला, पुणे एफसी गेला, आयएसएलमधला पुणे सिटीही २०१९ मध्ये गुंडाळला. परेरा मात्र कामात राहिले: २०१९ मध्ये भारताच्या २३ वर्षांखालील संघाबरोबर, २०२१ च्या डिसेंबरात एफसी गोवाचे मुख्य प्रशिक्षक, तेही आधीचे प्रशिक्षक फेरांदो मोसमाच्या मध्येच निघून गेल्यावर.

या अंकात अशाच मागच्या फळीतल्या माणसांविषयी वाचा.