दहावी आली, मैदान सुटले

द्राक्षे आणि टोमॅटोच्या उलाढालीने पिंपळगाव बसवंत सधन झाले. पण दहावी आली की मैदान सुटते, हे अनेक घरांत येथेही चुकलेले नाही. महामार्गाने पुढे चांदवड तालुका लागतो. तेथील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणत वाढला आणि नौकानयन शिकला तो सैन्यात गेल्यावर. २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आजारपणामुळे तो एकेरीच्या अंतिम फेरीत सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या चमूतून त्याने सुवर्णपदक जिंकले. ही चिकाटी कोणत्या शिकवणीत मिळते? पदकाचे सोडा, हाडांची बहुतांश बळकटी विशीपर्यंतच घडते. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल सुचवते. तोच तास पालक पंधराव्या वर्षी शिकवणीला देऊन टाकतात.